दुसरी केतुरा

वेदरबी, मॅसॅच्युसेट्स
१२ जानेवारी १९३८

मिनर्व्हा हिस,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आत निघालं ते असं: तुझं चार पानी पत्र, स्टॅनिफर्ड कॉलेजचं छापील माहितीपत्रक, मुलीच्या शाळेतल्या गुणांचा कागद आणि तिचा एक फोटो. पाकिटावर तिकीट तीन सेंटचं होतं आणि वजन सहा सेंटचं, तेव्हा वरचे तीन सेंट मी पोस्टात भरले. भरले म्हणून सांगते, मागत नाही. पण कॅन्सस राज्यात तराजू मिळत असावेत असं मला वाटतं.

इतक्या वर्षांत मी तुला का लिहिलं नाही, हे तू विचारलेलं नाहीस. बरं केलंस. मीही त्यात शिरत नाही.

कोणतंही काम हाती घेताना ते आधी स्वतःच्या अक्षरात मांडून काढायची मला सवय आहे, म्हणून तुझंच तुला पुन्हा सांगते. कॉलेजच्या संस्थापकाला मूलबाळ नव्हतं. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की आपले आजोबा, गावच्या चर्चचे डीकन एबनेझर स्टॅनिफर्ड, यांच्या रक्ताची जी मुलगी अभ्यासात चांगली असेल, तिला चार वर्षं फुकट शिकवावं, ठेवून घ्यावं, जेवू घालावं. फक्त रक्त कागदावर दाखवायला हवं, डीकनपासून मुलीपर्यंत एकही पिढी न गाळता. कागद एक मेच्या आत पोचायला हवेत. आपली आई नेहमी सांगायची की आपण डीकनच्या केतुरा नावाच्या मुलीकडून आलो. तुझ्या मुलीला हे जमलं तर ती शिक्षिका होईल. नाही जमलं तर अंड्यांच्या कारखान्यात, जिथे ती आताच सुटीत जाते, अंडी दिव्यापुढे धरून बघत उभी राहील. तू तिथे आणि मी इथे, आणि सगळी दप्तरं इथे. म्हणून मी करावं.

करीन. आईच्या घराण्याचं काम आहे, आणि थोरली म्हणून घरातले जन्म-मृत्यू टिपायची घराची वहीही माझ्याकडेच आहे.

मुलीच्या जन्माचं पत्र तू मला १९२० साली टाकलं होतंस असं लिहितेस. त्या हिवाळ्यात इकडे टपालाचे फार हाल होते. तसं काही मिळाल्याचं मला आठवत नाही.

फोटो मी टेबलावर ठेवला होता. यांनी तो उचलून खिडकीपाशी नेला आणि कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "कान तुमच्याकडचेच आहेत."

हुल्डा पेक


९ फेब्रुवारी १९३८

मिनर्व्हा हिस,

बातमी चांगली नाही, आणि ती मला पोटात ठेवता येत नाही.

आईपासून वर केतुरापर्यंत चार पिढ्यांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू मी तीन आठवड्यांत जमवले. आई लग्नाआधी लूमर होती हे तुला आठवत असेल. लूमर मंडळी एकाच टेकडीवर जन्मली आणि तिथेच गेली, त्यामुळे फार हिंडावं लागलं नाही. जिल्ह्याच्या कोर्टात एक दिवस गेला. येताना बसमध्ये माझा डबा उघडला तर शेजारची बाई म्हणाली, "घेवड्याचं सँडविच? आज तर बुधवार!" शनिवारी भाजलेला घेवडा बुधवारी खाऊ नये असा काही कायदा मला माहीत नाही.

अडलं ते केतुरापाशी.

आपल्या गावाचं जुनं दप्तर अजूनही दप्तरदाराच्या घरीच असतं. सध्या ते असाहेल ट्रास्ककडे आहे, त्याच्या स्वयंपाकघरात, जिन्याखालच्या लोखंडी पेटीत. पेटीवर त्याची बायको लोणच्याच्या बरण्या ठेवते. आधी बरण्या उतरवल्या, मग मी हात धुऊन बसले. डीकनच्या घरच्या नोंदी सापडल्या. केतुरा, जन्म १७३८. खाली त्याच हाताने, केतुरा, मृत्यू १७४१, घटसर्प.

मी ट्रास्कला म्हटलं, "हे चुकलं असेल."

"दप्तर चुकत नाही, पेकबाई."

"अहो, तीन वर्षांची पोर मेली तर आम्ही कुठून आलो?"

"ते मला काय विचारता? मेली लिहिलंय म्हणजे मेली. मी काय उठवू तिला?"

त्याची बायको चुलीपासून म्हणाली, "नीट बोला की. बाईंनी पन्नास सेंट भरलेत."

"पन्नास सेंटात नक्कल मिळते," ट्रास्क म्हणाला. "पुनरुत्थान नाही."

मला हसू आलं, आणि मग लाज वाटली, कारण एका लहान मुलीच्या मरणाच्या ओळीवर बोट ठेवून मी हसत होते.

घरी येताना दफनभूमीवरून आले. बर्फ गुडघाभर होतं. जुन्या भागात केतुरा लूमरचा दगड आहे, तुला आठवेल, आपण लहानपणी त्यावर बसून सफरचंदं खायचो. काठीने बर्फ खरवडलं. मृत्यू १८११, वय ६९. उभ्या उभ्या वजाबाकी केली. ही १७४२ ची. तेव्हा ही ती मेलेली केतुरा नव्हेच. पहिली गेली, दुसऱ्या वर्षी पुन्हा मुलगी झाली, आणि तिला तेच नाव ठेवलं.

त्या काळी ती रीतच होती. मूल गेलं की पुढच्याला त्याचं नाव देत. मला ती रीत कधी पटली नाही, हे तुला माहीत आहे.

पण दगडाने भागत नाही. केतुरा लूमर १७४२ साली जन्मली एवढंच दगड सांगतो, बाप कोण ते सांगत नाही. डीकनने मृत्युपत्र केलं नाही. जमीन जिवंतपणीच मुलग्यांच्या नावे केली, आणि मुलींना लग्नात एक गाय आणि पितळेची भांडी दिली की तो विषय संपला. गावच्या दप्तरात १७४१ नंतर त्याच्या घरचा एकही जन्म नाही. त्याला त्यानंतर मुलं झालीच नाहीत असं तरी म्हणावं लागेल, नाहीतर कुणी ती लिहिली नाहीत असं.

येताना वाटेत माझ्या अल्मायराच्या दगडावरचंही बर्फ काढलं. या महिन्याच्या एकोणीस तारखेला तिला जाऊन एकोणीस वर्षं होतील.

तुझ्या मुलीला इतक्यात काही सांगू नकोस.

हुल्डा


४ मार्च १९३८

प्रिय मिनर्व्हा,

सापडली! हा शब्द मी पत्रात पहिल्यांदाच लिहिते आहे, पण हात थांबत नाही.

प्रार्थना करून बसले होते की प्रभू, मला नवं काही दाखवू नकोस, जे समोर आहे तेच नीट दिसू दे. मग पुन्हा ट्रास्ककडे गेले. त्याला म्हटलं, जन्माची वही नको, गावसभेची वही दे. त्याने कपाळाला हात लावला. बायकोने बरण्या उतरवल्या. "पेकबाई, आता तुम्ही रोजच येणार असाल तर मी बरण्या खालीच ठेवते," म्हणाली.

१७४१ ची गावसभा. विषय एकच, नवं प्रार्थनामंदिर कुठे बांधायचं. डीकन, जो तेव्हा डीकन झालेला नव्हता, आपल्या टेकडीवर मागत होता. बाकीच्यांनी नदीकाठची जागा ठरवली. सात सभा झाल्या. सातव्या सभेच्या शेवटी लिहिलंय की एबनेझर स्टॅनिफर्ड टोपी घालून उठून गेले आणि म्हणाले की त्या दलदलीत मी पाय ठेवणार नाही, माझी मुलंही ठेवणार नाहीत. आणि ज्याने हे लिहून घेतलं तो दप्तरदार कोण? नदीकाठवाल्यांचा पुढारी. जन्माची नोंद करायला बापाने त्याच्या दारात जायचं, त्याच्या हातावर पैसे ठेवायचे. मिनी, डीकन त्याच्या दारात गेला असेल का?

संध्याकाळी यांना सगळं वाचून दाखवलं. हे जेवता जेवता म्हणाले, "म्हणजे देवळाच्या जागेवरून रुसून बसला आणि पोरीचं नाव लावलं नाही."

"असं दिसतंय."

"किती वर्षं?"

"आठ. मग नदीला पूर आला आणि मंदिरात पाणी शिरलं, तेव्हा परत आला."

"आठच?" हे म्हणाले. "तुमच्या घराण्याच्या मानाने कमीच." आणि घेवडा वाढून घेतला.

मी कागद आवरले.

आठ वर्षं माणूस मंदिरात गेला नाही असं होणार नाही. तो काळ तसा नव्हता, आणि मुलाला बाप्तिस्मा न देता ठेवणं म्हणजे त्यांना जिवावरची गोष्ट. इथे गेला नसेल तर दुसरीकडे गेला असेल. सगळ्यात जवळची दुसरी ख्रिस्ती मंडळी दक्षिण वेदरबीची, नऊ मैलांवर. दूधवाल्याच्या ट्रकमधून गेले. तिथले डीकन वायमन ऐंशीच्या पुढचे आहेत. मंडळीच्या जुन्या वह्या त्यांच्या माळ्यावर धान्याच्या पेटीत आहेत, उंदरांपासून वाचाव्यात म्हणून. मला म्हणाले, "बाई, शिडी मी चढत नाही. तुम्ही पडलात तर मी उचलूही शकणार नाही. तेव्हा पडू नका."

पडले नाही. तिसऱ्या वहीत मिळालं. पाळकाचं अक्षर बारीक, पण शाई अजून काळी आहे. मी शब्दाला शब्द उतरवून घेतलं:

"१७४२, नोव्हेंबरचा दुसरा प्रभुवार. एबनेझर स्टॅनिफर्ड, राहणार वेदरबी, स्वतःच्या मंडळीवर नाराज, यांची मुलगी केतुरा, हिचा बाप्तिस्मा केला."

पुढे दर दीड-दोन वर्षांनी, नव्या मुलाच्या नावापुढे या वहीत तेच, 'स्वतःच्या मंडळीवर नाराज'. मी माळ्यावर बसून विचार करत होते. नोव्हेंबरात, अंगावरच्या पोराला घेऊन, घोड्यावरून नऊ मैल. रागावलेल्या माणसाला अंतर कळत नाही. त्याच्या बायकोला काय वाटलं, ते कुठल्याच वहीत नाही.

डीकन वायमननी नकलेवर सही केली. पुढच्या एका वहीत लग्नाची नोंदही मिळाली, १७६३, नेथन लूमर आणि केतुरा, एबनेझरची मुलगी. सगळे कागद आजच कॉलेजला रजिस्टर टपालाने पाठवले. आता तुझ्या मुलीला सांगितलंस तरी चालेल.

मेपलचा रस सुरू झालाय. हे दिवसभर झाडांमध्ये रस आटवत असतात आणि अंगाला धुराचा वास घेऊन येतात.

हुल्डा


२९ मार्च १९३८

प्रिय मिनी,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिल्या दोन कागदांची मागची बाजू कोरी होती, ती पुड्या बांधायला ठेवली आहे.

कॉलेजच्या कार्यालयातल्या मिस एल्ड्रिज शुक्रवारी स्वतः आल्या. केतुरा मान्य झाली, लूमर मान्य झाले, आई मान्य, तू मान्य. अडलं ते शेवटच्या कडीवर. तुझ्या मुलीच्या जन्माची नोंद कॅन्ससच्या कचेरीत नाही. सुईणीने ती दिलीच नाही. तुमचा पाळक फिरता होता आणि त्याची वही त्याच्याबरोबर गेली. शाळेचा दाखला वय सांगतो, रक्त सांगत नाही. मुलीच्या आईची शपथ चालत नाही, कारण लाभ तिच्याच घरात जायचा. म्हणून समितीला घराची वही बघायची होती.

मी ती आणून पुढे ठेवली. दुसरं काय करणार? मिस एल्ड्रिजनी हातमोजे काढून पान उलटलं.

"या पिढीत मला एकच अल्मायरा दिसते, पेकबाई."

"हो."

"आणि ती १९१९ साली..."

"ती माझी. चार वर्षांची होती. तापाच्या साथीत गेली."

त्यांनी पान पुन्हा एकदा वरून खाली पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि तुमच्या बहिणीची?"

"ती लिहायची राहिली."

"सतरा वर्षं?"

बाई चांगल्या आहेत, आवाजात टोचणी नव्हती. पण त्यांनी सांगितलं की काही वर्षांपूर्वी एका घराने गेलेल्या मुलीच्या नावावर दुसरीच मुलगी पुढे केली होती, तेव्हापासून समिती फार जपून असते. वहीत एकच अल्मायरा, ती दफनभूमीत, आणि अर्ज करणारीचं नाव अल्मायरा. समिती काय म्हणेल ते त्यांना बोलावं लागलं नाही. मीच सहा आठवड्यांपूर्वी ट्रास्कच्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसले होते, अगदी याच कोड्यापुढे. ते डीकनने घातलं होतं. हे मी घातलं.

आता ऐक. तुझं १९२० चं पत्र मला मिळालं होतं.

नोव्हेंबरच्या चार तारखेला मिळालं. मी ते परसात उभी राहून वाचलं. तू लिहिलं होतंस की मुलगी झाली, आईचं नाव आणि माझ्या बाळाचं नाव दोन्ही चालू राहावं म्हणून अल्मायरा ठेवलं. पुढे होतं, "तू रडशील की रागावशील मला समजत नाही. रागावलीस तरी लिही." मिनी, तेव्हा माझ्या मुलीचे बूट अजून दाराशी होते. मला वाटलं, तू माझ्या घरात शिरलीस आणि जे एकच उरलं होतं ते उचलून नेलंस. आईचंही ते नाव होतं आणि तुझा त्यावर माझ्याइतकाच हक्क होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग झाला नाही. मी वही काढली, तुझं पान उघडलं, आणि लिहिलं नाही. पत्र वहीच्या पुठ्ठ्याच्या खिशात घातलं. नंतरची तुझी तीन पत्रंही तिथेच आहेत, न फोडलेली. जानेवारीत 'आठवत नाही' असं तुला लिहिलं तेव्हा वही कोपरापाशी होती. दर प्रभुवारी मंडळीत बसून मी क्षमेची प्रार्थना म्हणत होते, आणि म्हणताना कधी अडखळले नाही, याचंच मला आता नवल वाटतं.

मिस एल्ड्रिज गेल्यावर मी ट्रास्ककडे गेले, कारण शपथ देण्याचा अधिकारही त्याच्याकडेच आहे. बायकोने बरण्यांकडे हात नेला. मी म्हटलं, "आज पेटी नको." गोष्ट थोडक्यात सांगितली.

ती म्हणाली, "एवढंच ना? अक्रोडाच्या सालीची शाई देते मी, वाळली की शंभर वर्षांची दिसते. एक ओळ लिहून टाका. कोण बघतंय?"

"मी बघतोय," ट्रास्क म्हणाला.

"तुम्हाला चष्म्याशिवाय घेवडा दिसत नाही."

मी म्हटलं, "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण एका खोट्याने इतकं झालं. त्यावर दुसरं नको."

ट्रास्कने कागद घेतला. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. माझ्या बहिणीला १९ ऑक्टोबर १९२० रोजी मुलगी झाली, तसं पत्र मला पोचलं, घराची वही माझ्या ताब्यात होती, आणि मी नोंद केली नाही.

"कारण?" त्याने विचारलं.

"कारण लिहायलाच हवं?"

"पेकबाई, गावात सगळ्यात टापटीप वही तुमची. राहून गेलं म्हटलंत तर मीसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

"मग लिहा, रागाने."

"कशाचा राग?"

"नावाचा."

त्याने टाक खाली ठेवला. चुलीवरचा डाव थांबला. वेदरबीत आता हे ज्याला ठाऊक नाही असं माणूस दोन दिवसांत उरणार नाही, हे मला त्या क्षणी दिसत होतं. ट्रास्कने पुन्हा टाक उचलला आणि म्हणाला, "कुठलं नाव, ते पूर्ण सांगा. इथे पूर्ण लागतं."

मी सांगितलं. अल्मायरा टटल. सतरा वर्षांत पहिल्यांदा ते नाव माझ्या तोंडून तुझ्या मुलीसाठी निघालं. आवाज बरा होता.

प्रतिज्ञापत्राबरोबर तुझं ते पत्र, पाकिटासकट, पोस्टाच्या शिक्क्यासकट, समितीला दिलं आहे. त्यात तू लिहिलेलं सगळं परकी सहा माणसं वाचतील. तुझी परवानगी विचारायला वेळ नव्हता, त्याची माफी माग म्हणशील तर मागते. बाकीच्याची माफी तू म्हणण्याची वाट न बघता मागते.

या सगळ्यात मुलीची जागा गेली तर ती माझ्यामुळे जाईल, डीकनमुळे नाही. तिला तसंच सांग. अंड्यांचा कारखाना तिच्या नशिबात होता असं सांगू नकोस.

हुल्डा


११ एप्रिल १९३८

प्रिय मिनी,

समितीकडून अजून काही नाही. तुझी तीन पत्रं काल फोडली. तिसऱ्यात तिला दात आल्याचं आहे. आज एवढंच.

हुल्डा


२ मे १९३८

प्रिय मिनी,

जागा मिळाली. समितीचं पत्र मला शनिवारी आलं. तुला वेगळं पाठवलंय, पण कॅन्ससला पोचायला दोन दिवस जास्त लागतील. काल प्रभुवार, मी शाईला हात लावत नाही, म्हणून ही बातमी एक दिवस माझ्यापाशी अडकली. मंडळीत बसले होते तर ट्रास्कची बायको मागच्या बाकावरून वाकून म्हणाली, "काय झालं पोरीचं?" मी मान हलवली. ती पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना मोठ्याने "बरं झालं!" म्हणाली. माझ्याबद्दल गावात काय काय बोलतात ते मी ऐकते. दुकानात दोघी बोलत होत्या, मी गेले आणि पिठाच्या भावावर आल्या. चालायचंच. खोटं तर कुणी बोलत नाही.

मिस एल्ड्रिजनी तुझं पत्र परत पाठवलं आहे. सोबत चार ओळी आहेत. दोन सभासदांचा विरोध होता. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझं प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचायला मागितलं आणि म्हणाले की नातं नसलेली बाई स्वतःबद्दल असं लिहून देणार नाही, हे नात्यातलंच भांडण आहे.

शनिवारी संध्याकाळी यांच्यासमोर वही उघडली आणि तुझ्या पानावर लिहिलं: "अल्मायरा टटल, जन्म १९ ऑक्टोबर १९२०." खाली बारीक अक्षरात, "नोंद उशिरा, ३० एप्रिल १९३८, कसूर हुल्डा पेक हिची." यांनी वाचलं. म्हणाले, "कसूर कशाला लिहायची वहीत?" मी म्हटलं, "पुढे दोनशे वर्षांनी कोणी शोधायला बसलं तर तिला कळायला नको का, मध्ये इतकी वर्षं का गेली?" हे म्हणाले, "तिला काय कळायचंय, ती तुमच्यातलीच असेल." मग थोड्या वेळाने उठून पोटमाळ्यावर गेले आणि तिथे टाकलेली मधल्या खोलीची खाट खाली आणून तिचे खिळे ठोकायला लागले.

कॉलेज सप्टेंबरच्या तेरा तारखेला उघडतं. इथून बावीस मैल आहे, बस जाते. मुलीला ऑगस्टअखेर आमच्याकडे पाठव, दोन आठवडे इथली हवा मानवू दे. थंडीचा कोट तिथे विकत घेऊ नकोस. माझा जुना उलटून शिवला की दहा वर्षं जाईल, फक्त खांद्याचं आणि हाताचं माप पाठव. सुट्यांत तिने इथेच यावं, तेवढी जागा आहे आणि तेवढं अन्नही आहे. तू स्वतः येऊ शकलीस तर, एकदा तरी ये. भाडं मी देते. हे मी दोनदा विचार करून लिहिलेलं नाही, तेव्हा लगेच हो म्हण.

स्टेशनवर मीच येईन. फोटो आहे, पण फोटोतलं माणूस गाडीतून उतरताना कधी तसं दिसत नाही, तेव्हा हाक मारावी लागेल. अल्मायरा म्हणून मारीन. जमेल मला. काल दुपारी परसात कोंबड्यांना दाणे टाकताना दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळेस हे गोठ्यातून बाहेर आले आणि दाराकडे बघत उभे राहिले, मग मला बघून परत आत गेले.

पण सतरा वर्षांच्या मुलीला घरात कोणी पूर्ण नावाने हाक मारत नसेल. तुम्ही तिला काय म्हणता, ते मला माहीत नाही. तेवढं परतीच्या टपालाने कळव.

तुझी
हुल्डा